बाबा, तुम्ही शोधलेल्या तिकिटाबद्दल

डार्मस्टाट,
रविवार, रात्री

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

काल फोनवर मी जरा चिडलेच. बाबांनी तीन दिवस मोबाइलवर डोळे फोडून तुम्हा दोघांचं माझ्याकडे जर्मनीला यायचं तिकीट शोधलं आणि मी 'ते नको' म्हणून एका फटक्यात उडवून लावलं. आई मागून म्हणालीच, "पैसे काय झाडाक लागतत?" आपल्याकडे तरी लागतात गं आई, आंब्याच्या झाडाला. आणि त्यासाठी बाबा या वयात बागेत किती चढउतार करतात तेही मला माहीत आहे. म्हणून सावकाश लिहायला बसले. फोनवर आधी रेंज जाते, मग माझा संयम.

आधी बाबांचा हिशेब मान्य करते. तुमच्या तिकिटात दोघांचे जाऊन-येऊन 78 हजार. मी सांगत होते त्या आखातमार्गे एकाच तिकिटात 96 हजार. आणि मुंबई ते फ्रँकफर्ट थेट विमानाने सव्वा लाखाच्या जवळ. मधले 18 हजार म्हणजे बागेतल्या गड्यांची बरीचशी मजुरी. ते 'काय एवढं' म्हणून सोडून द्या असं मी कधीच म्हणणार नाही.

पण तुमचं ते 78 वालं तुम्हाला एक तिकीट वाटलं, आणि ती आहेत दोन. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मुंबई ते आखात एका कंपनीचं, तिथून फ्रँकफर्ट दुसऱ्याच कंपनीचं, आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही.

बाबा, तुम्ही वेंगुर्ला स्टँडवर कंट्रोलर होतात तेव्हाचं आठवा. कुडाळची गाडी उशिरा आहे आणि तिच्यात शिरोड्याची माणसं आहेत असा फोन आला, की तुम्ही शिरोड्याची वस्तीची गाडी दहा-पंधरा मिनिटं थोपवून धरायचात. ड्रायव्हर कुरकुर करायचा, आतली माणसं खिडकीतून ओरडायची, आणि तुम्ही वहीत मान घालून काहीतरी लिहिण्याचं नाटक करायचात. मी शाळेतून डबा घेऊन यायचे, तेव्हा हे बघितलंय. एका तिकिटाचा अर्थ तोच. मागून माणसं येतायत हे पुढच्या गाडीच्या कंट्रोलरला माहीत असतं. विमान आपल्यासाठी थांबत नाही, ते खरं. पण त्यांच्याच पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही त्यांची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं म्हणजे एस्टी उशिरा पोचली आणि कुडाळला रेल्वे चुकली. स्टेशनमास्तर काय करणार? त्याने थोडीच तुमची एस्टी सोडली होती?

सामानाचंही तसंच. एका तिकिटावर मुंबईत दिलेल्या बॅगा थेट फ्रँकफर्टला मिळतात. दोन तिकिटांवर त्या मध्येच पट्ट्यावर येऊन पडणार. म्हणजे पासपोर्टच्या रांगेतून बाहेर यायचं, बॅगा उचलायच्या, आणि पुन्हा दुसऱ्या कंपनीच्या रांगेत उभं राहायचं. आखातात आतल्या आत विमान बदललं तर व्हिसा लागत नाही, पण बाहेर पडायचं म्हणजे त्या देशात शिरायचं. त्याचे नियम वेगळे, पैसे वेगळे. शिवाय त्या दुसऱ्या स्वस्त विमानाच्या भाड्यात बॅग धरलेलीच नाही. काल फोन ठेवल्यावर मी सगळे टप्पे भरून बघितले. दोन बॅगांचे जाऊन-येऊन 11 हजार होतात. अठरातले अकरा तिथेच गेले. उरलेल्या सातांत बाहेर पडायचा परवाना आणि मधल्या सात तासांचं खाणंपिणं. बाबा, राहिलं काय?

आता एक कबुली. मी इथे आल्यावर पहिल्या दिवाळीला घरी आले होते. परत जाताना एक दिवस उशिरा पोचले, आणि ऑफिसच्या कामासाठी वाटेत मैत्रिणीकडे थांबले असं तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. मैत्रीण नव्हती, काम नव्हतं. 9 हजार वाचवायला मीही अशीच दोन तिकिटं काढली होती. मुंबईचं विमान एक तास चाळीस मिनिटं उशिरा सुटलं. आखातात पोचून पट्ट्यापाशी उभी राहिले, तर माझी बॅग आली ती एका कोपऱ्यातून लाल पाणी गाळत. आई, तू दिलेली कोकमाच्या आगळाची बाटली. कस्टमच्या माणसाने आधी बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन पावलं मागे सरला. आगळ म्हणजे काय ते त्याला इंग्रजीत समजावून सांगण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी मी बोट बुडवून चाटून दाखवलं.

वर पोचले तेव्हा काउंटर बंद झाला होता. बोर्डावर विमान अजून उभं दाखवत होते. काउंटरवरची मुलगी चांगली होती, पण म्हणाली, "तुमचं आधीचं विमान आमचं नव्हतं ना." नवीन तिकीट 31 हजारांना काढलं. रात्र लोखंडी खुर्चीवर काढली, बॅगेचा पट्टा पायाला गुंडाळून. तेव्हा मी 27 वर्षांची होते, गुडघे शाबूत होते, आणि भाषेची अडचण नव्हती. तिथे तुम्हा दोघांना बसलेलं मला डोळ्यांसमोर आणवत नाही, म्हणून काल आवाज चढला.

बाबांची दुसरी युक्ती मात्र ऐकून मी मनात हसले. गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळाहून तिकीट मुंबईपेक्षा स्वस्त दिसतं, तर तिकीट मोप्याहून काढू आणि मुंबईत चढू, डोंबिवलीला मावशीकडे जायचंच आहे. एस्टीत हे चालतं. सावंतवाडीपासूनची सीट घेतली आणि माणूस कुडाळला चढला तर कंडक्टरचं काही जात नाही. विमानात नाही चालत. पहिला टप्पा चुकवला की कंपनी तुम्हाला गैरहजर धरते आणि पुढचं सगळं रद्द करते, परतीचंसुद्धा. मोप्याहून काढलं तर मोप्यालाच चढायचं.

आणि लंडनमार्गे स्वस्त दिसलं तरी तिकडे बघू नका. आपल्या पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही बहुतेक वेळा वेगळा व्हिसा काढावा लागतो.

मग थेट विमानच घ्यायचं का? आईला वाटतं मी तेच म्हणणार. नाही. सव्वा लाखाच्या जवळ देऊन बाबांचा गुडघा 9 तास एकाच खुर्चीत दुमडून ठेवायचा, हे मला पटत नाही. आखातापर्यंत 3 तास, मग पाय मोकळे, चहा, पुढे साडेसहा-सात तास. तुम्हा दोघांना हेच सोसेल. म्हणून 96 वालं. एक तिकीट, मध्ये चार तास. त्याच कंपनीचं सव्वा तासाचं जोडविमानही आहे, 3 हजारांनी स्वस्त. ते त्यांच्या नियमात बसतं, तुमच्या पायांत बसत नाही. तिथे एका गेटवरून दुसऱ्या गेटला जायला मला धडधाकट असून अर्धा तास लागतो.

तिकीट काढतानाच मी दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवणार आहे. त्याचे पैसे पडत नाहीत. आई, लगेच "म्हाका काय झाला हा?" म्हणू नकोस. काही झालेलं नाही. ती ढकलणारा माणूस वाट दाखवतो, रांगेतून पुढे नेतो आणि बरोबर त्या गेटवर आणून सोडतो. आपल्याला तो माणूस हवाय. खुर्ची त्याच्याबरोबर येते, एवढंच.

निघायचं जूनच्या पहिल्या आठवड्यात, आंबा आटोपला की. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तेव्हा सुरू झालेलं नसतं. तरी दोन दिवस आधीच तुतारी एक्स्प्रेसने निघून ठाण्याला उतरा आणि मावशीकडे एक रात्र काढा. खरी जोडगाडी तीच आहे. कुडाळ ते मुंबई हा टप्पा कुठल्याच विमान कंपनीच्या तिकिटात नाही, आणि तो चुकला तर बाकी सगळं सांभाळून काढलेलं तिकीट वाया.

परतीची मला जास्त काळजी. गणपतीआधी यायचं म्हणजे ऐन पावसात. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला आणि विमानतळच बंद ठेवावा लागला, ते तुम्हाला आठवत असेल. रोज तसं होत नाही, पण विमान घिरट्या घालणं, दुसरीकडे उतरवणं हे दर पावसाळ्यात होतं. कोकण रेल्वेही त्या दिवसांत गाड्या मुद्दाम हळू चालवते, आणि दरड आली की तासन्‌तास उभी. तेव्हा उतरल्याच्या दिवशीचं गाडीचं रिझर्वेशन करू नका. पुन्हा एक रात्र मावशीकडे. चिपीचा विमानतळ घराजवळ आहे म्हणून बाबांना मोह होईल, पण पावसाळ्यात त्याच्या भरवशावर मी तुम्हाला बांधणार नाही. हां, एक चांगली गोष्ट: विमान युरोपातून निघणारं असल्यामुळे, कंपनीच्या चुकीने तुम्ही मुंबईला 3 तासांहून जास्त उशिरा पोचलात, तर इथल्या कायद्याने माणशी 600 युरोपर्यंत मागता येतात. एकाच तिकिटावर असाल तर शेवटच्या ठिकाणी झालेला उशीर मोजतात. बाबा, अर्ज तुम्ही लिहा. तुमच्या अर्जाला नाही म्हणणारा अजून जन्माला आलेला नाही.

पैशांचं: 78 तुम्ही द्या, वरचे 18 माझे. सगळे मी देते म्हटलं तर तुम्ही येणारच नाही, म्हणून इतकंच. हे 18 मी त्या लोखंडी खुर्चीच्या खात्यातून देतेय असं समजा.

आईसाठी सामानाचं. सुकं खोबरं नको. वाट्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून विमानात ते धोक्याच्या मालात मोडतं. तूप आणि पेढे नको, बाहेरून आणलेले दुधाचे पदार्थ इथे घेऊ देत नाहीत. सुके बांगडे मात्र चालतात, वास माझ्या शेजाऱ्यांनी सोसायचा. आंबे नको, त्यांना वेगळं प्रमाणपत्र लागतं. त्यापेक्षा साठं कर.

बाबा, दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो पाठवा, पण उजेडात, ओसरीवर ठेवून काढा. मागच्या वेळी आईच्या नावावर तुमच्या अंगठ्याची सावली होती. भाडं रोज बदलतंय, तेव्हा बुधवारच्या आत काय ते सांगा.

आणि आई, आगळ दे. या वेळी बाटलीला दोन पिशव्या घाल आणि ती बाबांच्या बॅगेत ठेव.

तुमची,
बाय