तेस्ताच्योच्या काकूंना आभाराचे पत्र

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

रोमहून परतल्यावर तुम्हाला फोन केला, आईही तुमच्याशी भरभरून बोलली, तरी आभार नीट मानले गेले नाहीत असे वाटत राहिले, म्हणून हे पत्र. ते सर्वांसमोर लिहिते आहे, कारण शाकाहारी आई-वडिलांना घेऊन युरोपला जाणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांपुढे जेवणाची जी अडचण उभी राहते, ती तुम्ही ज्या रीतीने सोडवलीत ती रीत इतरांनाही कळावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आईने आजवर मांस, मासे आणि अंडे यांना हात लावलेला नाही, आणि बाबांना औषधांमुळे जेवणाची वेळ चुकवता येत नाही. पहिले दोन दिवस आम्ही रोमच्या मध्यवस्तीत, पँथिऑन आणि पियात्सा नावोना या पर्यटनस्थळांच्या आसपास जेवलो. तिथे दारात उभे राहून गिऱ्हाइकांना आत बोलावणारी माणसे होती, पदार्थांचे फोटो छापलेली चार-पाच भाषांतली मेनू कार्डे होती, पण भाजीच्या सूपमध्ये मांसाचे पाणी घातले आहे का, या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर कुठेही मिळाले नाही. एका ठिकाणी तर नुसतेच 'नो प्रॉब्लेम' म्हणून वाटी पुढे सरकवली गेली. आईने ती न बोलता बाजूला ठेवली आणि पाव व फळांवर भागवले. परदेशात आपल्यामुळे मुलांची अडचण होते आहे, हा भाव तिच्या चेहऱ्यावर दिसू लागला होता आणि मला त्याचाच जास्त त्रास होत होता.

त्या रात्री मावशीकडून तुमचा नंबर मिळाला. काकांची एफएओमधली, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतली नोकरी संपल्यावरही तुम्ही त्याच परिसरात राहिलात, हे मावशीने सांगितले होते. एफएओचे मुख्यालय १९५१ साली वॉशिंग्टनहून रोमला आले आणि चिर्को मास्सिमो या प्राचीन रथशर्यतींच्या मैदानाजवळच्या त्या इमारतीपासून तेस्ताच्यो ही तुमची वस्ती पायी जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे त्या वस्तीची खडान्‌खडा माहिती तुम्हाला असणार हे उघड होते. पण तुम्ही लगेच खाणावळीचा पत्ता दिला नाहीत. आधी विचारलेत: आईंना कांदा-लसूण चालतो का? स्वयंपाकात वाइन चालते का? चीजचे काय? आणि मग, आम्ही विचारले नसतानाही, स्पष्ट सांगितलेत की रोमच्या बहुतेक पास्त्यांवर पडणारे पेकोरीनो रोमानो हे चीज कोकराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने तयार होते, तेव्हा खायचे की नाही हे आईंनी स्वतः ठरवावे. तुम्ही हे सांगितले नसते तरी आम्हाला कधी कळले नसते आणि आई समाधानाने जेवली असती. तरीही तुम्ही सांगितलेत, आणि माझ्या लेखी तुमच्या मदतीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

तेस्ताच्योचे नाव ऐकून मला आश्चर्य वाटले होते, हे मी फोनवर बोललेही होते. ही वस्ती कत्तलखान्याची. १८८८ ते १८९१ या काळात बांधलेला तो प्रचंड कत्तलखाना १९७५ पर्यंत चालू होता, तिथल्या कामगारांना मजुरीबरोबर जनावराचे उरलेसुरले भाग मिळत, आणि त्यातूनच शेपटीचा रस्सा, आतड्यांचे पदार्थ असे तिथले प्रसिद्ध जेवण तयार झाले. अशा ठिकाणी आईला कसे न्यायचे? त्यावर तुमचे उत्तर मला फार पटले. कामगारवस्तीच्या स्वयंपाकघरात रोज मांस शिजत नसते, तिथे हरभरे, घेवडा, चिकोरीची पालेभाजी आणि आर्टिचोक ही फुलाच्या कळ्यांची भाजी यांनाही तेवढाच मान असतो, आणि शुक्रवारी मांस टाळण्याची कॅथलिक घरांतली जुनी प्रथा असल्याने जुन्या खाणावळींमध्ये त्या दिवशी काबुली चण्यांचा पास्ता हमखास असतो, हे तुम्ही समजावून सांगितलेत. आम्हाला शुक्रवारीच आणि दुपारी साडेबारालाच जायला सांगितलेत, कारण तीनच्या सुमारास चूल बंद होते ती संध्याकाळी साडेसातपर्यंत पेटत नाही.

तुम्ही मालकीणबाईंना आधी फोन केला होतात हे आम्हाला तिथे गेल्यावर कळले. शिवाय तुम्ही लिहून पाठवलेली चिठ्ठी माझ्याजवळ होतीच: 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा आच्यूगे, सेन्त्सा ब्रोदो, सेन्त्सा उओवा', म्हणजे मांस, मासे, अँचोवी, मांसाचे पाणी आणि अंडे यांपैकी काहीही नको. अँचोवी वेगळी लिहिण्याचे कारण तिथेच समजले. ही खारवलेली बारीक मासळी चण्यांच्या फोडणीत लसणीबरोबर विरघळून जाते आणि पुष्कळांच्या मते ती 'मासे' या सदरात मोडतच नाही. मालकीणबाईंनी चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली, आत जाऊन आल्या आणि एकेका शब्दावर बोट ठेवत मान डोलावली. पास्ता वाळवलेला, फक्त रवा आणि पाण्याचा आहे, ताज्या पास्त्यासारखे त्यात अंडे नाही, हे दाखवायला त्यांनी पाकीटच बाहेर आणले.

आईसाठी चण्यांचा पास्ता रोजमेरी आणि लसणीच्या फोडणीचा, दाटसर, वरून ऑलिव्ह तेलाची धार घालून आला. पहिल्याच घासाला ती म्हणाली, 'हे तर आपलेच जेवण आहे.' मग आर्टिचोक आले, देठ वर करून उभे शिजवलेले, पाकळ्यांत लसूण आणि रानपुदिना भरलेला, आणि तुम्ही आधीच सांगून ठेवल्यामुळे वाइन न घालता केलेले. मी पेने आराब्याता हा टोमॅटो-मिरचीचा पास्ता चीजशिवाय मागवला होता. त्याचा तिखटपणा चाखून आईने त्यातलाही अर्धा स्वतःच्या ताटलीत घेतला. बाबांना रेनेटचे वावडे नाही, त्यांनी काच्यो ए पेपे खाल्ले. लोणी नाही, क्रीम नाही, केवळ पेकोरीनो, मिरी आणि पास्ता उकळलेले पाणी, एवढ्यावर इतकी मऊ चव येते यावर त्यांचा विश्वास बसेना. मलबारच्या किनाऱ्यावरून मिरी प्राचीन रोमला जात असे हे त्यांना ठाऊक होते. पण आम्ही जेवलो त्याच वस्तीच्या काठाला रोमचे नदीबंदर होते आणि तेलाच्या फुटक्या रांजणांच्या खापऱ्यांचा पस्तीसेक मीटर उंचीचा डोंगर अजून तिथे उभा आहे, हे तुम्ही त्यांना सांगितल्यापासून ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत असतात.

खर्चाचे सांगायचे तर पास्त्याची थाळी दहा-अकरा युरोंना होती. मध्यवस्तीत आम्ही त्याच पदार्थाला सोळा-सतरा मोजले होते. बिलात पावाचे दोन युरो वेगळे लावतात, ते फसवणूक समजू नका, असे तुम्ही आधीच सांगितले होते, म्हणून मनात शंका आली नाही. स्वस्ताई कशामुळे आहे हेही बसल्या बसल्या दिसत होते. मेनू कागदावर हाताने लिहिलेला, जेमतेम एका पानाचा, त्या दिवशी बाजारात जे आले तेवढेच. आजूबाजूला दुरुस्तीच्या कामावरचे कारागीर, एक आजोबा आणि त्यांची नात, दुपारच्या सुट्टीतले कारकून. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला महाग आणि वाईट खाऊ घालून तिथे कोणाचेच दुकान चालणार नाही.

निघताना मालकीणबाईंनी आईचा हात हातात घेतला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण आई त्यानंतरचे सगळे दिवस रोममध्ये मोकळेपणाने वावरली, आणि उरलेल्या प्रवासात तुमची चिठ्ठी प्रत्येक ठिकाणी ती स्वतःच पर्समधून काढून दाखवत होती.

खाणावळीचे नाव मी इथे मुद्दाम लिहिलेले नाही. जागा लहान आहे आणि तुमच्या शेजाऱ्यांची रोजची टेबले आमच्यासारख्यांनी अडवावीत असे मला वाटत नाही. मात्र चिठ्ठीचा मजकूर आणि शुक्रवारची सूचना मी वर दिली आहे, त्याला तुमची हरकत नसावी. कोणी पत्ता विचारलाच तर द्यावा का, हे मालकीणबाईंना विचारून सवडीने कळवा. पुढच्या महिन्यात मावसभाऊ रोमला येतो आहे, त्याच्याबरोबर आईने तुमच्यासाठी गोडा मसाला आणि मेतकूट पाठवले आहे. काकांना आमचा नमस्कार सांगा आणि मालकीणबाईंना आमचे आभार त्यांच्या भाषेत पोहोचवा.

तुमची कृतज्ञ,
पुण्याची भाची