नाव लपतं, व्यवहार लपत नाही

संपादक साहेब, नमस्कार,

क्रिप्टो एक्स्चेंजवर, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल चलनं जिथं विकली-घेतली जातात त्या कंपन्यांवर, कुठल्या सरकारनं कारवाई केली की लगेच दोन गट भांडायला लागतात, एक म्हणतो हे काळ्या पैशाचे अड्डे, दुसरा म्हणतो आमची प्रायव्हसी गेली, आणि मला तर वाटतं दोघांनाही बिटकॉइन नीट कळलेलं नाहीये. ते निनावी कधीच नव्हतं हो! तिथं नाव नसतं पण प्रत्येक व्यवहार कायमचा उघड्यावर असतो, एकदा एक्स्चेंजला केवायसी दिलं की त्या वॉलेटला, म्हणजे बिटकॉइनच्या खात्याला, तुमचं नाव चिकटलंच, मग मागचापुढचा सगळा माग काढता येतो. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून सुमारे १,२०,००० बिटकॉइन चोरीला गेले, २०२२ मध्ये अमेरिकेत अटक झाली ती असाच माग काढत.

बायनान्स या एक्स्चेंजला २०२३ मध्ये ४ अब्ज डॉलरहून जास्त भरावे लागले त्याचं मला काही दुःख नाही, मनी लाँडरिंगचे नियम धाब्यावर बसवले होते, गुन्हा कबूलही केला. टोर्नेडो कॅशचं मात्र वेगळं, तो मुळात कोड, माग लागू नये म्हणून अनेकांचे क्रिप्टो एकत्र मिसळणारा, त्यावरच २०२२ मध्ये अमेरिकेनं निर्बंध टाकले आणि २०२५ मध्ये उठवले. मधल्या काळात चोराबरोबर साधा माणूसही अडकलाच ना?

आणि केवायसीची कागदपत्रं सांभाळणार कोण? २०२५ मध्ये कॉइनबेस या एक्स्चेंजच्या सपोर्टवाल्यांना लाच देऊन ग्राहकांचे पत्ते, ओळखपत्रांचे फोटो पळवले गेले. पासवर्ड बदलता येतो, घर कसं बदलणार? कागद मागा जरूर, पण ते फुटले तर एक्स्चेंजला दंड किती, ते पण त्याच नियमात लिहा की.

– एक वाचक