गारठलेल्या माणसाला लगेच मयत ठरवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

हिवाळा आला की पेपरात ती बातमी येतेच, रात्री पाणी द्यायला गेलेला शेतकरी सकाळी बांधावर मयत सापडला, थंडीनं गेला म्हणून. परभणीकडं पारा सहा-सातावर उतरतो अन् मोटारीची लाइट नेमकी रात्रीची, मग माणूस ओल्या कपड्यात हरभऱ्याला दारं धरत उभा, त्यात वय झालेलं, किंवा थोडी घेतलेली असली तर बघायलाच नको. दारूनं गरम वाटतं पण अंगातली ऊब उलट बाहेर जाते.

असा माणूस सापडला की लोक हात लावून बघतात, गार, ताठ, नाडी लागंना, की झालं, रडारड सुरू. पण अंगाचं तापमान २८ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की नाडी अन् श्वास इतका मंद होतो की पटकन कळतच नाही, म्हणून पूर्ण १ मिनिट नीट बघायचं असतं. नसलाच श्वास तर छाती दाबणं चालू करा, १०८ ला फोन लावा. श्वास असंल तर ओले कपडे काढून वाकळीत गुंडाळा, आडवंच ठेवा, हातपाय चोळू नका, उचलून आदळआपट तर अजिबात नको, गारठलेलं हृदय धक्क्यानं बंद पडू शकतं.

१९९९ ला नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोल्म नावाची डॉक्टर बर्फाखालच्या पाण्यात ८० मिनिटं अडकली, तापमान १३.७ अंश, हृदय बंद, तरी वाचली. छाती दाबत ट्रॉम्सोच्या हॉस्पिटलात नेली, तिथं मशिनवर रक्त बाहेर काढून गरम करून परत अंगात सोडलं. मेंदू आधीच थंड झाला होता, त्याला ऑक्सिजन कमी लागला म्हणून तो टिकला. आपल्या विहिरीत बुडालेल्याचं तसं नसतं बरं का, आपलं पाणी काही तेवढं गार नाही, तिथं माणूस गार व्हायच्या आधीच गुदमरतो.

३० अंशाच्या खाली हृदय बंद असलं तर छातीवर विजेचा शॉक तीनदा देऊन थांबतात, अ‍ॅड्रेनलिन म्हणजे हृदय चालू करायला देतात ते औषध पण देत नाहीत, आधी गरम करायचं अन् तोवर छाती दाबत राहायचं, म्हणून गरम केल्याशिवाय मयत म्हणायची घाई डॉक्टर करत नाहीत. सगळेच वाचतात असं नाही, पण बघितलंच नाही तर कोण वाचणार?

आता खरी गोची सांगतो, साधा काचेचा थर्मामीटर ३५ च्या खाली आकडाच दाखवत नाही. पेशंट २६ वर असला तरी त्यावर कळणार कसं? तर आरोग्य खात्यानं प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अन् १०८ च्या गाडीत खालचं तापमान मोजणारा थर्मामीटर द्यावा, डिसेंबरच्या आत. आणि महावितरणनं थंडीपुरती तरी शेतीला दिवसा लाइट द्यावी.

आपला एक वाचक,
परभणी जिल्हा