मनगटावरून दंडावर: शिलाईवाल्या मावशींना पत्र

आदरणीय मावशी,

सा. न. वि. वि.

परवा आपल्या नाडी मोजणाऱ्या पट्ट्याचे पहिले ४० नग शेतात कामाला गेले. त्या दिवशी सगळ्यांनी आम्हा दोघा इंजिनिअरांचं कौतुक केलं, फोटोही आमचेच निघाले. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि त्याच दिवसांत बायका पेरणीआधी रानात धसकटं वेचत असतात. अंग थंड ठेवायला शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवतं आणि हृदयाची धावपळ वाढते. ठोके फार वाढले की पट्टा थरथरेल आणि बाई सावलीला बसेल, एवढंच आम्हाला करायचं होतं.

तुम्ही विचारलं होतंत, पट्ट्यातल्या यंत्राला हा हिरवा दिवा कशाला? रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. दर ठोक्याला कातडीखालचं रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा उजेडही बदलतो. त्यावरून नाडी मोजायची. आमच्या टेबलावर हे अगदी बिनचूक चालायचं. रानात मात्र सगळं फसलं. वाकून वेचताना मनगट सारखं वळतं, पट्टा सरकतो, फटीतून ऊन आत शिरतं. कधी कधी तर यंत्र हाताच्या हालचालीच ठोके म्हणून मोजायचं. शिवाय मनगटात बांगड्या. एका काकूंनी पट्टा बांधायला बांगड्या वर सारल्या, त्यातल्या दोन फुटल्या, आणि त्या दिवसभर गप्प होत्या. तो चेहरा मी विसरलेलो नाही.

आम्ही सॉफ्टवेअर दुरुस्त करत बसलो होतो. चार महिने! मनगटी डबीच्या प्लास्टिकच्या साच्याची ऑर्डरही द्यायची होती, त्यात आमची जवळजवळ सगळी पुंजी गेली असती. त्याच आठवड्यात मी फाटलेला पट्टा शिवायला तुमच्याकडे आलो. तुम्ही तो उलटसुलट पाहिलात आणि म्हणालात, "बाईच्या मनगटात जागा कुठे असते रे? वाकी घालतात तिथे बांध की."

दंडावर! तिथे हालचाल कमी, मांस भरीव, आणि साडीवर घातलेल्या शर्टाची बाही ऊन अडवते. त्याच संध्याकाळी तुम्ही जुन्या सुती परकराच्या कापडाचा पट्टा शिवलात. दुसऱ्या दिवशी रानातले आकडे पाहून आम्ही दोघंही थोडा वेळ बोललोच नाही.

वेलक्रोचंही तेच. त्यात कुसळं आणि कापसाचे तंतू अडकून आठवड्यात त्याची पकड जायची. तुम्ही हूक लावलेत आणि ते अडकवायला समोर कड्यांच्या तीन ओळी, म्हणजे दंड बारीक असो की जाड, पट्टा बसतो. इलॅस्टिकने घामोळं उठतं म्हणून ते फक्त मागच्या दोन बोटांपुरतं ठेवलंत. यंत्राच्या कप्प्याला टिचबटण लावलंत, त्यामुळे यंत्र काढून पट्टा रोज धुता येतो. एका हाताने लावता येतो का, हे तुम्ही स्वतः डोळे मिटून करून पाहायचात. आमच्या डोक्यात ही कसोटी कधी आलीच नव्हती.

पुढचं सगळं, बॅटरीच्या चाचण्या, ब्लूटूथची मंजुरी, फोनवरचं ॲप, वेळखाऊ होतं पण वाट ठाऊक होती. वाट तुमच्या पायमशीनवर सापडली.

बायका त्याला वाकीच म्हणतात. परवा एकीने दुपारी थरथर जाणवताच टोपली ठेवली आणि बाभळीखाली जाऊन बसली. मुकादमाने विचारलं तर तिने बाही वर करून दाखवली.

४० पट्ट्यांची शिलाई तुम्ही घेतलीत, पण नमुन्याचे ११ पट्टे तुमच्या वहीत लिहिलेले दिसले नाहीत. मी लिहून ठेवलेत. रविवारी पैसे आणि कापड दोन्ही घेऊन येतो. लहान मापाचे २० लगेच हवे आहेत.

तुमचा,
गल्लीतला इंजिनिअर