सूचना : रविवारचा व्यायाम पुन्हा सुरू

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता बागेत भेटूया. फिरत्या फाटकातून व्हीलचेअर जात नाही म्हणून आपल्यातल्या काहींनी येणंच सोडलं होतं, याचं फार वाईट वाटत होतं. आता बाजूचं मोठं फाटक पावणेसातला उघडून मिळेल. आतल्या अर्ध्या फुटाच्या पायरीवर सहा फुटी लाकडी उतार ठेवतोय. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे प्रमाण पाळूनच तो करून घेतलाय. उतार याहून खडा असला की खुर्ची दुसऱ्याला ढकलावी लागते आणि तेच आपल्याला नकोय.

मानेजवळ मज्जारज्जूला इजा झालेल्यांनी पाण्याची फवारा-बाटली नक्की आणावी. घाम नीट येत नसल्यानं अंग पटकन तापतं. व्हीलचेअरवर बसणाऱ्यांनो, बसायची उशी विसरू नका. ज्यांना जमतं त्यांनी मधूनमधून हातांवर अंग उचलून बसल्याजागी पडणारा दाब मोकळा करा.

दृष्टिहीन सभासदांना सोबत करणाऱ्यांनी त्यांचा हात ओढू नये, आपलं कोपर धरू द्यावं. पळायचं असेल त्यांच्यासाठी जोडदोरी (सोबत्यानं आणि पळणाऱ्यानं एकेक टोक धरायची दोरी) आणली आहे.

जागतिक आरोग्य संघटना दिव्यांग प्रौढांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. आकड्याला घाबरू नका, दहा मिनिटं केलीत तरी या. थोडाही व्यायाम उपयोगी पडतो, हेही तीच संघटना सांगते.

ने-आण हवी असेल त्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत इथेच कळवा. खुर्ची घडीची आहे का, तेही लिहा, म्हणजे गाडी तशी ठरवता येईल.