कानशिलावरचा खरखरीत चट्टा

नागपूर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

परवा काटोलला तुझ्या बागेत आंबिया बहराच्या संत्र्यांची तोड चालू असताना तू टोपी काढून घाम पुसलास, तेव्हा तुझ्या उजव्या कानशिलावर शेंगदाण्याच्या टरफलासारखा खरखरीत चट्टा मला दिसला. तू तो नखाने खरडलास आणि "निघून जातो, पुन्हा येतो" म्हणालास. तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर तू हसण्यावारी नेशील, म्हणून लिहीत आहे.

असाच चट्टा माझ्या डाव्या कानाच्या वरच्या कडेवर दोन वर्षे होता आणि टॉवेलने पुसताना टोचत असे. एका दवाखान्यात तो गजकर्ण समजून चार महिने मलम लावायला दिले. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी प्रथम बोटाच्या टोकाने तो चाचपला, कारण असा चट्टा पुष्कळदा दिसण्याआधी हाताला लागतो, बारीक सँडपेपरसारखा. याला अ‍ॅक्टिनिक केराटोसिस म्हणतात. वर्षानुवर्षे पडलेल्या उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशींतील डीएनए बिघडतो, त्यातून हे उद्भवते. हा कर्करोग नव्हे; पण यांतील थोडे चट्टे पुढे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या कर्करोगाकडे वळतात, आणि नेमका कोणता वळेल हे आधी सांगता येत नाही. सावळ्या त्वचेत हे कमी आढळते, म्हणूनच आपल्याकडे कोणाच्या चटकन लक्षात येत नाही. तू मात्र गोरा, डोक्याला टक्कल, आणि चाळीस वर्षे बागेत उभा.

माझ्या चट्ट्यावर उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचा काही सेकंद फवारा मारला. चटका बसला, फोड आला, आणि पंधरवड्यात खपली गळून पडली. इतकेच.

आपण नागपूरकर लू लागू नये म्हणून दुपट्टा बांधतो आणि मृग लागला की तो खुंटीला टांगतो. पण अतिनील किरण उष्णतेसारखे अंगाला जाणवत नाहीत. ते विरळ ढगांतूनही येतात आणि हिवाळ्यातल्या सुखद दुपारीही असतात. तुझ्या टोपीने कान, मान आणि खालचा ओठ झाकले जात नाहीत, घट्ट विणीच्या दुपट्ट्याने झाकले जातात. उघड्या भागावर किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन लाव आणि दर दोन तासांनी पुन्हा लाव. कान विसरू नकोस. खालचा ओठ सतत कोरडा राहून सोलत असेल, तर तेही डॉक्टरांना दाखव, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा सोड, कारण त्याचा कर्करोगाचा धोका वेगळाच आहे. चट्टा जाड झाला, दाबल्यावर दुखला किंवा त्यातून रक्त आले, तर एक दिवसही थांबू नकोस.

मंगळवारी सकाळी मी तुला न्यायला येतो. तोपर्यंत तो खरडू नकोस, डॉक्टरांना जसाच्या तसा दिसू दे. वहिनींना तुझ्या कानांमागे आणि मानेवर बोट फिरवून पाहायला सांग.

तुझा,
वसंत