संध्याकाळचा दवाखाना ३० जूनपर्यंत चालवायचा आहे

सप्रेम नमस्कार,

ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरउतारावरचा वणवा विझून अठरा दिवस झाले. वनखात्याच्या माणसांनी आणि पाड्यावरच्या पोरांनी ओल्या फांद्यांनी झोडपून तो विझवला. आपण गच्चीवरून व्हिडिओ काढले. असो. त्या रात्री मंडळाच्या फलकावर खडूने ‘आरोग्य आणीबाणी’ असं लिहून आपण कार्यालयातच पंधरा दिवसांसाठी मोफत दवाखाना उघडला. ते दिवस संपले, रांग संपली नाही. म्हणून मुदत ३० जूनपर्यंत वाढवली आहे आणि त्यासाठी हे आवाहन.

आग गेली, मग दवाखाना कशाला, असं काही सभासदांनीच विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण नुसतं गवत जळालेलं नाही. पायथ्याशी वर्षानुवर्षं टाकलेल्या गाद्या, वायरी, थर्माकोल सगळं त्यात गेलं. ती राख तिथेच पडून आहे आणि दुपारी वारं सुटलं की खाली येते. यंदा ज्यांनी कुरडया वाळत घातल्या, त्यांना वेगळं सांगायला नको. कुरडयांवरची काळी कुसळं निदान वेचता तरी येतात. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसतच नाहीत, ते थेट फुप्फुसात उतरतात आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाला जुमानत नाहीत.

आपल्या एका सभासदांची लेक लॉस एंजेलिसला असते. जानेवारी २०२५ मध्ये तिकडे वणव्यात हजारो घरं जळाली, तेव्हा काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, स्थानिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती. तिथल्या कायद्याने अशी आणीबाणी सात दिवसच टिकते. पुढे चालवायची तर लोकांनी निवडून दिलेल्या मंडळाने ठराव करायचा आणि दर तीस दिवसांनी ती अजून हवी का, ते तपासायचं. असे ठराव तिकडे आग विझल्यावरही होतात, कारण जळालेल्या घरांच्या राखेत शिसं, आर्सेनिक, अ‍ॅस्बेस्टॉस असतं. आपल्याकडे ठराव म्हणजे चहा आणि वर केलेले हात. तो परवाच्या बैठकीत झाला. आता वर्गणी.

परवा पाटोणापाड्यावरून एक आजी सात वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आल्या. इनहेलरला लावायची नळकांडी, म्हणजे स्पेसर, संपले होते. डॉक्टरांनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीला बुडाशी भोक पाडून इनहेलर बसवला, भोवती चिकटपट्टी गुंडाळली. पोरगा बाटलीच्या तोंडातून श्वास घेत होता, आजी बोटांवर मोजत होत्या. थोड्या वेळाने त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या थांबल्या आणि त्याने बाटली घरी न्यायला मागितली. दिली.

दोन्ही डॉक्टर मानधन घेत नाहीत. खर्च आहे तो श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे इनहेलर, लहान मुलांचे स्पेसर, एन-९५ मास्क आणि आणखी एका नेब्युलायझरचा. वस्तू देणार असाल तर सीलबंद, बिलासह द्या. घरात उरलेली औषधं घेता येणार नाहीत. जुने कपडेही नकोत. २००५ च्या पुरानंतर आलेली गाठोडी वाटता वाटता दिवाळी उजाडली होती! रोख वर्गणीची पावती लगेच मिळेल, जमाखर्च दर रविवारी फलकावर लागेल. वर्गणीवर आयकरात सवलत मात्र मिळत नाही, हे आधीच सांगतो.

पैसे नसतील तर दोन तास द्या. केसपेपर लिहायला माणूस हवा आहे. पाऊस लागायच्या आत पाड्यावरची पाण्याची पिंपं धुवून झाकायची आहेत, घरांतली राख ओल्या फडक्याने पुसायची आहे. कोरडा झाडू फिरवला की तीच राख पुन्हा नाकात जाते.

मजुरीवरून परतणाऱ्यांना जमावं म्हणून दवाखाना संध्याकाळी सात ते नऊ असतो. वर्गणीही तेव्हाच घेतली जाईल. रात्री कुणाला धाप लागली तर आमची वाट न पाहता १०८ ला फोन करा. डोंगरावर पुन्हा धूर दिसला तर वनखात्याच्या १९२६ ला, व्हिडिओ नंतर काढा.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते